एअर रायफलवर स्कोप: निवड, बसवणं आणि झीरो करणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) एअर रायफलपुरते आहेत. स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आणि झीरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर जिथे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा तो जुळवणं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तीच असते, आणि स्कोपचे सगळ्यांत जास्त घोटाळेही तिच्यावरच होतात. परवान्याच्या मोठ्या रायफलींचा उल्लेख फक्त तुलनेपुरता येईल.

१. एअर रायफलवर स्कोप लावला तर परवाना काढावा लागतो का?

नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कोपमुळे बोअरही बदलत नाही आणि ऊर्जाही, त्यामुळे रायफल आहे त्याच वर्गात राहते. अंदाज यावा म्हणून हिशेब देतो: ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साधारण १५ ज्यूल होते. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून घेतली किंवा ०.२२ बोअरची रायफल घेतली की गणित बदलतं. तेव्हा प्रश्न स्कोपचा नसून रायफलचाच होतो. खरेदीची पावती सांभाळून ठेवा आणि प्रवासात रायफल पिशवीत किंवा पेटीत बंद करूनच न्या.

२. मुलगी क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल शिकते. तिला चांगला स्कोप घेऊन द्यावा का?

नको. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बीण चालत नाही, ५० मीटर रायफललाही नाही. तिथे मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे नळकांड्यात बसवलेली रिंग असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य याच साइटवर जिंकलं. १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि खेळाडू तो दुर्बिणीशिवाय टिपतात.

सुरुवात करणाऱ्यांसाठी आपल्याकडे ओपन साइटचे (मागे उघडी खाच, पुढे टोक) वेगळे गट असतात, त्यातही स्कोप नसतो. स्पर्धेचं माहितीपत्रक आधी वाचा, मग पैसे काढा. या वयात खर्च करायचाच असेल तर तो जॅकेट, ग्लोव्ह आणि चांगल्या छर्ऱ्यांवर करावा.

३. ३-९×४० म्हणजे नक्की काय?

पहिले आकडे किती पट मोठं दिसेल ते सांगतात: ३ ते ९ पट, मधलं हवं ते. ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४×३२ असेल तर चार पट कायम आणि पुढचं भिंग ३२ मिमी.

भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४०÷४ = १० मिमी, ४०÷९ = ४.४ मिमी. ही जाडी कमी झाली की चित्र काळवंडतं आणि डोळा जरा जरी सरकला तरी कडेला काळी चंद्रकोर दिसते. म्हणून ९ पटीवर संध्याकाळी नेम धरणं अवघड जातं, ४ पटीवर तोच स्कोप उजळ वाटतो. ५० मिमीचं भिंग ऐकायला भारी वाटतं, पण त्याने वजन आणि उंची वाढते. एअर रायफलच्या अंतरावर त्याचा फारसा उपयोग नाही.

४. मग किती पटीचा घ्यावा?

गच्चीवर किंवा अंगणात १०-१५ मीटरवर डबे-कागद मारायचे असतील तर ४×३२ पुरेसा आहे. २५ ते ४० मीटरपर्यंत कागदावर ग्रुप (छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) पाहायचा असेल तर ३-९×४० घ्या, पण पॅरालॅक्स जुळवता येणारा (प्र. ५). ६-२४ वगैरे स्कोप स्प्रिंगच्या रायफलवर लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन अर्ध्या किलोच्या पुढे जातं, उलट्या धक्क्यात (प्र. ६) तेवढं वजन माउंटला, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या बैठकीला, ओढतं, आणि २४ पटीवर स्वतःच्या नाडीचे ठोके क्रॉसहेअरवर (स्कोपमधल्या उभ्या-आडव्या रेघांवर) नाचताना दिसतात. बरेच जण ते पाहून चाप ओढायची घाई करतात आणि ग्रुप मोठा होतो.

एकूण बजेट ठरलेलं असेल तर त्यातला चौथा हिस्सा तरी माउंटसाठी बाजूला काढा. दुकानात स्कोपसोबत फुकट मिळणाऱ्या पातळ रिंगा स्प्रिंगच्या रायफलवर टिकत नाहीत. पुढचे निम्मे प्रश्न त्यांच्यामुळेच आमच्याकडे येतात.

५. पॅरालॅक्स म्हणजे काय, आणि एअर रायफलला त्याची एवढी काळजी का?

रायफल उशीवर टेकवा, क्रॉसहेअर लक्ष्यावर आणा आणि रायफलला हात न लावता डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकताना दिसलं तर तो पॅरालॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर स्कोपच्या आत एकाच पातळीवर पडत नाहीत म्हणून असं होतं.

मोठ्या रायफलींचे स्कोप कारखान्यात बहुधा १०० यार्डांवर, .२२ रिमफायरचे ५० ते ६० यार्डांवर जुळवलेले असतात. तुम्ही मारता १० मीटरवर. जास्तीत जास्त चूक किती होईल याचा ढोबळ हिशेब असा: पुढच्या भिंगाची त्रिज्या × (जुळवलेलं अंतर − लक्ष्याचं अंतर) ÷ जुळवलेलं अंतर. ४० मिमीचा स्कोप १०० मीटरवर जुळवलेला आणि लक्ष्य १० मीटरवर असेल तर २० × ९० ÷ १०० = १८ मिमी. रायफल तसूभर न हलवता, फक्त डोळा कडेला गेल्यामुळे छर्रा पावणेदोन सेंटिमीटर बाजूला जाऊ शकतो.

उपाय म्हणजे पुढच्या भिंगावर फिरणारी रिंग असलेला एओ स्कोप, किंवा डाव्या बाजूला चक्री असलेला साइड फोकस. रिंग १० मीटर किंवा १० यार्डांपर्यंत खाली येते का ते खोक्यावर नाही, प्रत्यक्ष स्कोपवर पाहा. कोरलेल्या आकड्यांवरही फार विसंबू नका. वरची डोकं हलवायची चाचणी करून क्रॉसहेअर जिथे स्थिर राहील तिथे रिंगवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा.

असा स्कोप नसेल तर गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवणं एवढंच हातात उरतं.

६. मित्राकडे मोठ्या रायफलचा महागडा स्कोप आहे. तो स्प्रिंग एअर रायफलला तर सहज चालेल ना?

बऱ्याचदा नाही. बंदूक मारताना धक्का मागे बसतो, एवढाच विचार करून मोठ्या रायफलचा स्कोप बनवलेला असतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये दोन धक्के असतात. चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे सुटतो, त्यामुळे रायफल मागे जाते. लगेच पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो आणि रायफल झटक्यात पुढे ओढली जाते. हा दुसरा धक्का स्कोपमधल्या भिंगांना उलट्या दिशेने बसतो. त्या दिशेने त्यांना धरून ठेवायची सोय नसेल तर आतली भिंगं सैल होतात किंवा क्रॉसहेअर तुटून लोंबकळतं. किंमत जास्त आहे म्हणून स्कोप वाचत नाही. ‘एअर गन रेटेड’ असं उत्पादकाने लिहून दिलेलं हवं.

गॅस रॅमच्या (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूच्या) रायफलमध्येही पिस्टन असतो, तेव्हा नियम तोच. पीसीपीमध्ये, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलमध्ये, पिस्टन नाही आणि धक्का जवळपास नाही. तिथे कुठलाही स्कोप तगतो, फक्त पॅरालॅक्स पाहावा लागतो.

७. माझ्या रायफलला कुठला माउंट बसेल ते कसं ओळखू?

रिसीव्हरच्या (नळीमागच्या मधल्या भागाच्या) वरच्या बाजूला लांबीभर दोन समांतर खाचा असतील तर ती डव्हटेल रेल. तिला सरसकट ११ मिमी म्हणतात, पण प्रत्यक्षात साडेनऊपासून तेरा मिमीपर्यंत काहीही निघतं. व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि माउंट घेताना तो आकडा सांगा. आडव्या खाचा असलेली रुंद पट्टी असेल तर ती पिकॅटिनी किंवा वीव्हर. पिकॅटिनीच्या खाचा ५.२ मिमी रुंद आणि एकमेकींपासून १० मिमी अंतरावर असतात, वीव्हरच्या ४.६ मिमी. वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, उलट मात्र दरवेळी बसत नाही.

रिंगचा व्यास स्कोपच्या नळीशी जुळला पाहिजे: २५.४ मिमी म्हणजे एक इंची, किंवा ३० मिमी. एक इंची स्कोप ३० मिमीच्या रिंगमध्ये रबर गुंडाळून बसवलेला आम्ही पाहिला आहे. तो टिकत नाही.

जुन्या देशी रायफलींवर रेलच नसते. त्यांच्या कॉम्प्रेशन ट्यूबवर भोकं पाडून पट्टी लावायला कुणी तयार झालं तरी देऊ नका. त्याच नळीत पिस्टन फिरतो. भोक आत निघालं किंवा आतल्या बाजूला कड उठली की सील कापली जाते. अशा रायफलवर ओपन साइटच वापरावी.

८. दोन सुट्या रिंगा घेऊ की एकसंध माउंट? आणि तो स्टॉप पिन कशासाठी असतो?

स्प्रिंगच्या रायफलसाठी एकसंध माउंट. रेलवर त्याची पकड जास्त लांबीभर असते आणि दोन्ही रिंगा एका रेषेत असतात. सुट्या रिंगा पीसीपीवर चांगल्या, कारण मागे-पुढे हव्या तिथे लावता येतात.

दुसऱ्या धक्क्यात रायफल पुढे जाते आणि स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या हिशेबाने तो मागे सरकतो. स्टॉप पिन ते अडवतो. माउंटच्या पोटातून निघणारी ही पिन रेलवरच्या तयार भोकात उतरवायची किंवा मागच्या स्टॉप प्लेटला टेकवायची. भोक नसलेल्या जागी पिन पिळून दाबू नका, प्र. ७ मधलाच धोका आहे. रेलवर भोकही नाही आणि प्लेटही नाही अशी रायफल असेल तर माउंटच्या मागे वेगळा स्कोप स्टॉप चढवून घट्ट करा.

माउंट सरकतोय का ते ओळखायला त्याच्या मागच्या कडेला लागून रेलवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

९. रिंग लो, मीडियम की हाय?

स्कोपचं पुढचं तोंड नळीला टेकणार नाही एवढी, आणि त्यापेक्षा जास्त नाही. ४० मिमी भिंगाच्या स्कोपचं तोंड बाहेरून ५० मिमीच्या आसपास भरतं, एओ असेल तर थोडं जास्तच. म्हणजे स्कोपचा मध्य त्याखालच्या नळीच्या पृष्ठभागापासून २५ मिमीपेक्षा वर हवा, शिवाय मध्ये दोन-तीन मिमीची फट. लो-मीडियम-हाय हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने वापरते. म्हणून तळापासून रिंगच्या मध्यापर्यंत किती मिमी, असं विचारा.

उंच रिंगेने गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि मान अधांतरी राहते. मोडून भरायच्या रायफलला आणखी एक पाहायचं: नळी मोडल्यावर छर्रा बसवायला अंगठा आत जातो का, आणि नळीचं मागचं टोक वर येताना स्कोपला घासतं का. अंडरलिव्हर आणि साइडलिव्हरला (खालच्या किंवा बाजूच्या दांड्याने ताणायच्या रायफलींना) छर्रा भरायची जागा स्कोपच्या थेट खाली येते. जाड बोटांच्या माणसांना तिथे फार त्रास होतो.

१०. घरी स्कोप बसवायची नेमकी पद्धत सांगा.

साहित्य: माउंटच्या मापाच्या अ‍ॅलन की, स्पिरिट, सुती फडकं, एक ओळंबा (दोरीला बांधलेला नटही चालेल), आणि रायफल हलणार नाही अशी दोन उशांची बैठक.

१. रायफल रिकामी आहे ना ते नळी मोडून डोळ्यांनी पाहा. लिव्हरची असेल तर चेंबरमध्ये पाहा.

२. स्कोप हातात असतानाच क्रॉसहेअर मध्यावर आणा. टरेट (क्रॉसहेअर सरकवायची चकती) हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत जा आणि निम्मे मागे या. वरचं आणि बाजूचं, दोन्ही टरेट. जुनाच स्कोप परत बसवत असाल तर हे हमखास राहून जातं.

३. रेलच्या खाचा, माउंटचे जबडे आणि रिंगांची आतली बाजू स्पिरिटने पुसा. नव्या रायफलवर कारखान्याचं तेल असतं आणि तेलावर पकड बसत नाही.

४. माउंट चढवा, पिन जागेवर उतरवा, मागे रेटून खालचे स्क्रू आळीपाळीने कसा.

५. स्कोप ठेवा, वरच्या पट्ट्या लावा, स्क्रू सैलच ठेवा. स्कोप हाताने सरकला आणि फिरला पाहिजे.

६. स्कोप सर्वांत जास्त पटीवर करा. ज्या स्थितीत मारता त्याच स्थितीत डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सवयीच्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. कडेला काळं वर्तुळ दिसलं तर स्कोप पुढे-मागे करा आणि पुन्हा डोळे मिटून पाहा. बहुतेक स्कोपमध्ये डोळ्यापासूनचं अंतर ७५ ते १०० मिमी येतं. उभं राहून जुळवलं आणि मग झोपून मारलं तर ते चुकतं, कारण झोपल्यावर मान पुढे जाते.

७. क्रॉसहेअर उभं करा (प्र. १२).

८. पट्ट्यांचे स्क्रू कर्णरेषेत, एका वेळी पाव फेरा, असे कसत जा. डाव्या-उजव्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरी कसली की स्कोप त्या बाजूला वळतो आणि सातवी पायरी वाया जाते.

वीस-पंचवीस छर्रे मारून झाल्यावर सगळे स्क्रू एकदा तपासा. पहिल्यांदा थोडं बसतंच.

११. स्क्रू किती घट्ट? लॉकटाइट लावू का?

माउंटच्या कागदावर आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर अ‍ॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. बोटं थांबली की थांबा. पक्कड किंवा पाइप लावून कसलं की स्कोपच्या नळीला चर पडतो, पट बदलायची रिंग जड फिरू लागते आणि वॉरंटीही जाते.

निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) चालवायचं तर फक्त माउंटच्या खालच्या स्क्रूंना, एक थेंब. रिंगांच्या स्क्रूंना लावू नका. ओल्या लॉकटाइटमुळे स्क्रू सहज फिरतो आणि त्याच जोरात जास्त आवळला जातो. लाल लॉकटाइट कुठेच नको.

१२. क्रॉसहेअर सरळ आहे की नाही हे कसं पाहायचं? डोळ्यांना तर सरळच दिसतं.

डोळा फसवतो, कारण डोकं नकळत रायफलच्या बाजूने कलतं. पंधरा-वीस मीटरवर ओळंबा टांगा. रेलच्या सपाट भागावर छोटी पाणसळ ठेवून रायफल सपाट करा. मग स्कोपमधून पाहत उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर येईपर्यंत स्कोप फिरवा. पाणसळ टरेटच्या टोपणावर ठेवून जुळवण्याची पद्धत सोपी आहे, पण स्वस्त स्कोपमध्ये टोपण आणि आतली रेघ एकमेकींशी काटकोनात असतीलच असं नाही.

मारताना रायफल कलली तर काय होतं? प्र. १४ मधल्या उदाहरणातली रायफल पाच अंशांनी कलली तर छर्रा २५ मीटरवर ५-६ मिमी आणि ४० मीटरवर सेंटिमीटरभरापेक्षा थोडा जास्त त्याच बाजूला जातो. गच्चीवर १० मीटरला हे जाणवतही नाही.

१३. झीरो करताना किती क्लिक फिरवायचे?

बहुतेक स्कोपवर पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असतो. तो १०० मीटरवर ७.३ मिमी, २५ मीटरवर १.८ मिमी आणि १० मीटरवर फक्त ०.७३ मिमी सरकवतो. ०.१ मिलरॅडचा (मिलरॅड म्हणजे रेडियनचा हजारावा भाग) स्कोप असेल तर १० मीटरवर एक क्लिक म्हणजे बरोबर १ मिमी.

१० मीटरपासून सुरू करा. रायफल टेकवून पाच छर्रे मारा. एका छर्ऱ्यावरून काहीही ठरवू नका, पाचांचा मध्य धरा. मध्य २० मिमी खाली असेल तर २० ÷ ०.७३, म्हणजे २७ क्लिक ‘अप’कडे. टरेटवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, क्रॉसहेअर कुठे सरकेल ते नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. पुन्हा पाच मारा, मग हव्या त्या अंतरावर जाऊन तेच करा. लोक १० मीटरवर दोन-तीन क्लिक देतात आणि ‘स्कोप ऐकत नाही’ म्हणतात. दोन क्लिक म्हणजे दीड मिलिमीटर, तेवढं छर्ऱ्याच्या भोकातच लपतं.

लक्ष्यामागे छर्रा अडवणारं काही तरी हवंच: वाळूची पेटी किंवा जाड चिंध्यांनी भरलेला खोका. १० मीटरवर दगड, विटा किंवा लोखंडावरून शिशाचे तुकडे मारणाऱ्याकडेच परततात. गॉगल घाला.

१४. कुठल्या अंतरावर झीरो करावं?

तुम्ही सर्वांत जास्त जिथे मारता तिथे. पण एका अंतरावर जुळलं म्हणजे सगळीकडे जुळलं असं होत नाही, कारण स्कोप नळीच्या वर असतो आणि छर्रा खाली पडत जातो.

समजा छर्रा सेकंदाला २४० मीटरने सुटतो, स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४५ मिमी वर आहे आणि झीरो २५ मीटरवर आहे. तर १० मीटरवर छर्रा साधारण सेंटिमीटरभर खाली लागेल आणि ४० मीटरवर ५ सेंमीच्या आसपास खाली. जवळही खाली आणि लांबही खाली, हे पाहून लोक चक्रावतात. उंच रिंगा लावल्या की जवळचा फरक आणखी वाढतो. मिल-डॉट (रेघांवर ठिपके असलेलं) क्रॉसहेअर असेल तर प्रत्येक अंतरावर कुठला ठिपका लागतो ते कागदावर मारून पाहा आणि झाकणाच्या आत चिकटवा. पट बदलली की ठिपक्यांचा अर्थही बदलतो (बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये क्रॉसहेअर दुसऱ्या फोकल प्लेनवर असतं, म्हणजे पट वाढवली तरी ते तेवढंच दिसतं), म्हणून ती चिठ्ठी कुठल्या पटीची आहे तेही लिहा.

१५. वरचा टरेट शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रे खालीच लागतात. स्कोप खराब निघाला का?

बहुधा नाही. मोडून भरायच्या पुष्कळ रायफलींची नळी बिजागरीपाशी किंचित खाली झुकलेली असते. ओपन साइट नळीवरच असते म्हणून ते कळत नाही, स्कोप मागच्या भागावर बसतो म्हणून उघडं पडतं.

टरेट टोकाला नेऊन काम भागवू नका. टोकाला आतल्या स्प्रिंगचा ताण नाहीसा होतो, दर धक्क्याला क्रॉसहेअर थोडं हलतं आणि मग ‘झीरो टिकत नाही’ ही तक्रार सुरू होते. टरेट मध्यावर आणा (प्र. १० मधली दुसरी पायरी) आणि स्कोपची मागची बाजू उचला. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर मागच्या रिंगेखाली ०.१ मिमीची पट्टी घातल्यावर छर्रा १० मीटरवर १० मिमी आणि २५ मीटरवर २५ मिमी वर येतो. कोल्ड्रिंकच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याचा पत्रा साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. अशा दोन-तीन पट्ट्यांपलीकडे जाऊ नका, स्कोपची नळी वाकते. त्याहून जास्त लागत असेल तर उतार जुळवता येणारा माउंट घ्या.

१६. काल झीरो केलं, आज छर्रे दुसरीकडेच. दोष कुठे शोधू?

या क्रमाने पाहा. स्कोप मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

आधी माउंटमागची पेन्सिलीची रेघ (प्र. ८). मग दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते आपोआप सैल होतात, पुढचे दोन विशेषतः. मग नळीची बिजागरी: नळी बंद असताना डावी-उजवीकडे हलवून पाहा, खुळखुळली तर पिव्हट बोल्ट कसा. मग छर्रे: डबा बदलला का, कंपनी बदलली का, कडा चेपलेले आहेत का. मग तेल: नळीत किंवा चेंबरमध्ये तेल गेलं असेल तर ते दाबाने पेटतं, धूर आणि जळका वास येतो, आवाज मोठा होतो आणि वेग प्रत्येक वेळी वेगळा मिळतो. हे थांबेपर्यंत झीरो करायला बसूच नका.

मग पकड. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली किंवा टणक जागेवर टेकवली की ती प्रत्येक वेळी वेगळी उडते. पुढचा हात उघड्या तळव्यासारखा ठेवा, रायफल त्यावर नुसती विसावू द्या आणि तिला हवं तसं मागे-पुढे होऊ द्या. तळहात रोज एकाच जागी यावा म्हणून दस्त्याखाली टेपची खूण करा.

एवढं करूनही जमलं नाही तर स्कोपची चाचणी घ्या. १० मीटरवर पाच छर्रे मारा, ४० क्लिक वर जाऊन पाच, ४० उजवीकडे जाऊन पाच, ४० खाली, ४० डावीकडे. नेम कायम त्याच ठिपक्यावर. सुमारे २९ मिमीचा चौकोन तयार होऊन शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडला पाहिजे. चौकोन वाकडा आला किंवा शेवटचा ग्रुप भलतीकडे गेला, तर स्कोप परत करा.

१७. मला चष्मा आहे. क्रॉसहेअर अंधूक दिसतं.

डोळ्याकडचा भाग फिरतो, तो त्यासाठीच असतो. स्कोप उजळ भिंतीकडे किंवा सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या आकाशाकडे धरा, दोन सेकंद पाहा, नजर हटवा, थोडं फिरवा, पुन्हा पाहा. क्रॉसहेअर पहिल्या क्षणी धारदार दिसलं पाहिजे. सतत पाहत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागाही बरोबर वाटते. नेहमी चष्मा लावून मारत असाल तर चष्म्यासकटच जुळवा. हे एकदाच करायचं. लक्ष्य अंधूक दिसत असेल तर त्याला ही रिंग नाही, प्र. ५ मधली रिंग.

१८. रेड डॉट (रेघांऐवजी लाल ठिपका दाखवणारी साइट) लावला तर?

हलते डबे मारायला मजा येते, कागदावर ग्रुप पाहायला नको. पट एकच असते आणि ३ एमओएचा ठिपका १० मीटरवर जवळपास ९ मिमी झाकतो. त्यालाही उलटा धक्का बसतोच, तेव्हा प्र. ६ इथेही लागू.

१९. पावसाळ्यात स्कोपच्या आत धुकं आणि बुरशी येते. काय करावं?

बाहेरच्या भिंगावरचं धुकं काळजीचं नाही. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलं की येतं, दहा मिनिटांत जातं. पुसत बसू नका. आतल्या बाजूला धुकं आलं तर सील गेलं आणि आतला नायट्रोजन निघून गेला. घरी स्कोप उघडून ते सुधारत नाही.

बुरशी कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हमखास येते. कारण बहुतेक वेळा फोमची पेटी असते. फोम ओल धरून ठेवतो आणि रायफल महिनोन्‌महिने त्यातच बंद राहते. पावसाळ्यात रायफल पेटीबाहेर, हवेशीर पण कुलपाच्या कपाटात ठेवा. स्कोप काढून ठेवणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेलचा रंग बदलला की ती वाळवून घ्या. दिव्याचा क्रॉसहेअर असेल तर सीआर २०३२ सेल काढून ठेवा. खाऱ्या हवेत माउंटचे स्क्रू गंजून की फिरेनाशी होते, त्यांना तेलाचं बोट लावा, पण रेलच्या खाचेत तेल जाऊ देऊ नका.

भिंग पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीतली वाळू कोटिंगवर ओरखडे काढते.

२०. स्कोप टिकतो का ते पाहायला छर्रा न घालता दोन-चार वेळा चाप ओढून पाहू का?

अजिबात नको. छर्रा नसेल तर पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही, तो थेट टोकाला आदळतो. सील फाटते, स्प्रिंग तुटते आणि स्कोपला नेहमीपेक्षा जास्त धक्का बसतो.

२१. बागेत माकडं-वानरं फार नुकसान करतात. त्यांना नुसतं पळवण्यासाठी स्कोप लावून मारलं तर चालेल का?

चालणार नाही. वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो, आणि तो जिथे लागत नाही तिथे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. छर्रा कातडीत रुतून जखम चिघळते, प्राणी पळतो पण बरा होत नाही. एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणजे प्राण्यांवर मारायची मुभा आहे, असा अर्थ होत नाही. नुकसानभरपाई आणि बंदोबस्तासाठी वन विभागाकडेच अर्ज करावा लागतो.

२२. कधी स्कोप, कधी ओपन साइट असं वापरायचं आहे. काढून परत लावल्यावर झीरो तसंच राहील का?

डव्हटेलवर तंतोतंत तसंच राहत नाही. माउंट त्याच पिनच्या भोकात, त्याच बाजूला रेटून आणि तेवढ्याच जोराने कसला तर साधारण जवळ येतं. पण पाच छर्रे मारून तपासल्याशिवाय भरवसा नको. काढताना फक्त माउंटचे खालचे स्क्रू सोडा, रिंगांना हात लावू नका. स्कोप माउंटसकट बाहेर आला पाहिजे, म्हणजे डोळ्यापासूनचं अंतर आणि उभी रेघ पुन्हा जुळवावी लागत नाही. पिकॅटिनीवर क्विक रिलीज माउंट असेल तर तो नेहमी त्याच खाचेत, त्याच बाजूला रेटून बंद करा, आणि ती खाच खडूने खूण करून ठेवा.